रंगमंचावर मेसेज कोणी म्हणायचा: लिहिणाऱ्याने की वाचणाऱ्याने?

प्रॉम्प्टर_सांगली

नमस्कार मंडळी. सांगलीतल्या एका हौशी संस्थेत मी २१ वर्षं आहे. त्यातली बहुतेक विंगेत गेली, हातात संहिता धरून. यंदा राज्य नाट्य स्पर्धेसाठी दिग्दर्शन पहिल्यांदाच माझ्याकडे आलंय आणि एका ठिकाणी मी पुरती अडलेय.

नाटक दोन अंकी, आमच्याच लेखकाचं. पात्रं दोनच, त्यांना नावं नाहीत. 'ती' ६३ वर्षांची, गावभागात एकटी राहणारी निवृत्त शिक्षिका. 'तो' ६७ चा, नागपूरचा, बँकेतून निवृत्त. शब्दकोडी सोडवणाऱ्यांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर ओळख होते. आधी नुसते आडवे शब्द, उभे शब्द. मग "जेवण झालं का?" मग रोज रात्रीचे अकरा. दुसऱ्या अंकाच्या अगदी शेवटापर्यंत दोघांनी एकमेकांचा आवाजसुद्धा ऐकलेला नसतो. मग फोन वाजतो, ती उचलते, एक-दोन वाक्यं, आणि पडदा.

पहिल्या वाचनाला काय झालं ते सांगते. तिचा मेसेज आहे, "ऑनलाइन दिसताय. झोप नाही का?" हे वाक्य आलं आणि आमची कॉलेजची पोरं खुदकन हसली. वाईट मनानं नाही, सहज. 'ती'ची भूमिका करणाऱ्या बाईंनी वाचन थांबवलं. खऱ्या आयुष्यातही त्या ६४ च्या आहेत. संहिता मांडीवर पालथी ठेवली आणि म्हणाल्या, "यात हसण्यासारखं काय आहे रे? मला रात्री अकराला असं विचारणारं कोणी नाही." नंतर कितीतरी वेळ हॉलमध्ये फक्त पंख्याचा आवाज होता.

ती शांतता मला भावे नाट्यमंदिरात शेवटच्या रांगेपर्यंत हवीय. माझं सगळं त्यासाठी चाललंय.

मुलं म्हणतात, प्रोजेक्टर लावू, मागे मेसेज उमटू देत. मला ते पटत नाही. शेवटच्या रांगेतली साठीची माणसं चष्मा सावरत अक्षरं वाचत बसतील आणि ज्या चेहऱ्यासाठी हे नाटक करायचं तो चेहरा राहून जाईल. दुसरी अडचण अशी की बाई मोबाइलमध्ये बघायला लागल्या की समोरून त्यांचा नुसता भांग दिसतो. डोळे नाहीत, ओठ नाहीत. सत्तर मिनिटं भांग बघायचा?

आणि खरा प्रश्न. सध्या लिहिणारा लिहिता लिहिता मोठ्यानं म्हणतो. म्हणजे दोघं एकमेकांशी सरळ बोलतायत असंच वाटतं. एकाच खोलीत बसलेलं जोडपं. मग एकटेपणा कुठे उरला? संहिता परिनिरीक्षण मंडळाकडून, म्हणजे नाटकांच्या सेन्सॉरकडून, मंजूर होऊन आलीय, तेव्हा शब्दांना हात लावायचा नाही. बाकी काहीही सुचवा.

डिमर_कोल्हापूर

ताई, मी प्रकाशयोजना करतो, तेवढ्यापुरतं बोलतो.

प्रोजेक्टर नकोच. मागचा पडदा वाचता यावा म्हणून स्टेज अंधारात ठेवावं लागतं, म्हणजे चेहरा आपोआप गेला. हातातल्या मोबाइलच्या उजेडावरही विसंबू नका. एक पार, म्हणजे स्टेजचा नेहमीचा दिवा, जरी चालू असला तरी तो उजेड तिसऱ्या रांगेपलीकडे पोचत नाही.

भांगाचं उत्तर तुमच्या-आमच्या स्वयंपाकघरातच आहे. माझी आई मोबाइल हातात धरत नाही. ओट्यावर चहा-साखरेच्या डब्याला टेकवून ठेवते आणि भाजी निवडत निवडत वाचते. मान वर असते, नजर समोर असते. तुमचा डबा स्टेजच्या पुढच्या कडेला, बुटक्या टेबलावर ठेवा, पाठ प्रेक्षकांकडे. बाई त्याच्या मागे बसतील, म्हणजे आपल्याकडे तोंड करून. डब्याच्या त्यांच्याकडच्या अंगाला बॅटरीवरची छोटी एलईडी पट्टी चिकटवा, वर थोडा फ्रॉस्ट, म्हणजे उजेड मऊ करणारा धूसर कागद, लावा. मेसेज आला की चेहऱ्यावर खालून उजेड येईल.

रंग निळा घेऊ नका. मोबाइल म्हटला की सगळे निळा लावतात आणि वयस्क चेहरा त्यात प्रेतासारखा दिसतो. उबदार पांढरा घ्या. ती ज्याची वाट बघत होती ते आलंय ना? मग तो उजेड तिला हवासा वाटला पाहिजे.

८ ऑगस्ट २०२४ ला आमचं केशवराव भोसले नाट्यगृह जळलं. त्यानंतर कॉलेजच्या हॉलमध्ये, चार-चार दिव्यांत प्रयोग लावले. एका चेहऱ्याला किती थोडा उजेड पुरतो ते तेव्हा कळलं.

तिसरी_रांग

नाटक बघण्यात उभा जन्म गेला, म्हणून दोन जुनी उदाहरणं देतो.

'तुम्हारी अमृता' १९९२ सालचं. शबाना आझमी आणि फारुख शेख शेजारी शेजारी बसून पत्रं वाचत. हालचाल जवळजवळ नाहीच, एकमेकांकडे बघणंही नाही. तिथं लिहिणाराच वाचतो आणि ते शोभतं, कारण पत्र लिहिणारा माणूस मन एका बैठकीत ओततो. तुमच्याकडे तसं नाही. चार शब्द, थांबणं, परत दोन शब्द. अशा तुकड्यांत लिहिणाऱ्यापेक्षा वाट बघणारा जास्त मोठा असतो.

दुसरं उदाहरण फ्रेंच आहे. झाँ कॉक्तोची टेलिफोनवरची एकपात्री नाटिका, १९३० ची. सोडून चाललेल्या प्रियकराशी एक बाई शेवटचं बोलतेय. लाइन तुटते, मध्येच तिसऱ्याच कुणाचं बोलणं घुसतं, आणि पलीकडचा माणूस आपल्याला एकदाही ऐकू येत नाही. तो काय म्हणाला हे आपण तिच्या चेहऱ्यावरून ओळखायचं. जवळजवळ शंभर वर्षं झाली, यंत्र बदललं, पण पलीकडून काही येत नाही तोवर जीव टांगणीला लागतो तो तसाच. तुमच्या एखाद्या प्रवेशात 'तो' पूर्ण गप्प ठेवून बघा.

आणखी एक. फाडून टाकलेल्या पत्राचा समोरच्याला पत्ता लागत नाही, पण खोडलेल्या मेसेजचा लागतो. 'डिलीट केला' एवढी ओळ तिथं उरते. त्यानं काहीतरी लिहिलं होतं, आणि ते आपल्याला मिळणार नाही. ही जागा आपल्या आधीच्या कुठल्याही नाटककाराला मिळाली नव्हती. संहितेत ती असेल तर घाईनं पुढे जाऊ नका.

रात्रपाळी

मी नाटकातला नाही. हिंजवडीत रात्रपाळीला असतो, मूळचा परभणीचा. तुमचा प्रश्न वाचला आणि लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

वाचणाऱ्यानं म्हणावा. सांगतो का ते.

माझी एका मुलीशी सात महिने फक्त मेसेजवर ओळख होती. आवाज ऐकलेला नव्हता. पहाटे तीनला कॅन्टीनमध्ये तिचे मेसेज वाचायचो. तिचा आवाज माहीत नसताना तो डोक्यात कुठून येणार? मीच तिला आवाज दिला होता. थोडा जाड, सावकाश, आमच्याकडच्या बायका बोलतात तसा "काय करायलास?" म्हणणारा. ती रत्नागिरीची. पहिल्यांदा फोन केला तर आवाज बारीक, भरभर, हेल सगळा वेगळा. मी गोंधळून म्हटलं, "परत करतो," आणि ठेवून दिला. ती वाईट वाटली म्हणून नव्हे. सात महिने जिच्याशी बोललो ती बाई त्या क्षणी नाहीशी झाली आणि दुसरीच कोणीतरी "हॅलो, हॅलो" म्हणत होती.

नंतर मी फोन केला. उशिरा केला, तीन दिवसांनी. तिनं उचलला नाही. त्या तीन दिवसांत तिनं माझे जुने मेसेज कुठल्या आवाजात वाचले असतील, हे मनातून जात नाही.

तुमच्या नाटकातल्या दोघांचंही तेच आहे ना? नागपूरचा माणूस काय लिहितो ते ती सांगलीच्या हेलात ऐकणार. मग त्याचे शब्द तिच्याच तोंडी असू देत.

आणि कृपा करून मोबाइलला खलनायक करू नका. अशा नाटकांत शेवटी कुणीतरी फोन फेकून देतं आणि सगळे टाळ्या वाजवतात. आमच्याकडे तेवढंच असतं हो. तिथंच "जेवलास का?" येतं.

प्रॉम्प्टर_सांगली

रात्रपाळी, तुमचं उत्तर काल तालमीला मोठ्यानं वाचून दाखवलं. नाव-गाव गाळलं. जी पोरं हसली होती त्यातलाच एक उठून पाणी प्यायला गेला आणि बऱ्याच वेळानं आला.

लगेच करून बघितलं. ती लिहिते तेव्हा गप्प. इकडे 'तो' चष्मा लावतो आणि वाचतो, "ऑनलाइन दिसताय. झोप नाही का?" त्याच्या तोंडून हे आलं आणि कोणीही हसलं नाही. तो आधी नुसतं वाचतो, अर्ज वाचावा तसा. मग परत वाचतो, हळू. "झोप नाही का?" दुसऱ्या वेळी ते वाक्य त्याचं स्वतःचं होतं. एक शब्दही बदललेला नाही.

मग एक गोष्ट ध्यानात आली आणि अंगावर काटा आला. आता अख्ख्या नाटकभर तिचे शब्द त्याच्या आवाजात आहेत आणि त्याचे तिच्या. शेवटी फोन वाजेल तेव्हाच पहिल्यांदा त्याचे शब्द त्याच्या आवाजात येतील. लेखकाला फोन करून विचारलं, तुम्ही हे योजलं होतं का? ते म्हणाले, नाही, पण आता असंच करा.

तिसरी रांग, खोडलेला मेसेज आहे, पहिल्या अंकात. आम्ही तो दोन सेकंदांत उरकत होतो. आता बाई हातातली गवार खाली ठेवतात, डब्याकडे बघत राहतात, आणि एकच शेंग परत उचलून दोनदा मोडतात. बाकी काही नाही.

डिमर_कोल्हापूर

मग शेवटचा फोन येतो तेव्हा बाकी सगळे दिवे शून्यावर न्या, फक्त डबा ठेवा. पट्टीचा रिमोट मात्र बाईंकडे देऊ नका, विंगेतून चालवा. त्यांच्या डोक्याला तो व्याप नको. रविवारी मोकळा आहे, पट्टी आणि फ्रॉस्ट घेऊन येतो.

प्रॉम्प्टर_सांगली

नक्की या दादा. त्याआधी काल रात्रीचं सांगते, कारण तुम्हाला वेळ धरावी लागेल.

शेवटचा प्रवेश केला. फोन वाजला, बाईंनी उचलला. 'तो' म्हणाला, "हॅलो. मी बोलतोय." पुढचं वाक्य बाईंचं. त्या बोलेनात. मी संहितेवर बोट ठेवून बसले होते, २१ वर्षं तेच केलंय. पाच सेकंद झाले, सात झाले, शब्द माझ्या ओठावर आला होता. वर बघितलं. बाई विसरल्या नव्हत्या. मान किंचित तिरकी करून ऐकत होत्या, त्याचं बोलणं थांबलं होतं तरी. मी शब्द गिळला.

पोरांपैकी एकानं मोबाइलवर वेळ लावली होती. बारा सेकंद. मग बाई म्हणाल्या, "हं, बोला."

ते बारा सेकंद डब्यातला उजेड हलता कामा नये. रविवारी चारला या, जेवायलाच या.