मदत हवी आहे : अंदमान, दोघांसाठी निवांत सहल. प्लॅनमधलं काय काढू? उद्या पैसे भरायचेत

गोदाकाठ | सोमवार, रात्री ८:१०

नमस्कार मंडळी. उद्या संध्याकाळी सहापर्यंत एजंटला उरलेले पैसे द्यायचेत, म्हणून घाईत लिहितेय. लग्नाला पंचवीस वर्षं झाली. लेक शिकायला बाहेर गेल्यापासून पहिल्यांदाच आम्ही दोघंच कुठेतरी निघालोय. विमानाची तिकिटं झालीत. मला समुद्र, एक बरी खोली, वेळेवर जेवण आणि दुपारची झोप हवीय, बाकी काही नको. एजंटला तीनदा सांगितलं. तरी त्याने पाठवलेला प्लॅन हा असा :

पहिला दिवस सेल्युलर जेल आणि लाइट-साउंड शो. दुसऱ्या दिवशी बाराटांग, पहाटे तीनला निघायचं. तिसऱ्या दिवशी बोटीने हॅवलॉक बेट, दुपारी राधानगरचा किनारा. चौथ्या दिवशी सकाळी एलिफंट बीच, मग कालापत्थर, दुपारच्या बोटीने नील बेट. पाचव्या दिवशी नील बघून संध्याकाळी परत पोर्ट ब्लेअर. सहाव्या दिवशी विमान.

यात झोपायचं कधी? एजंट म्हणतो सगळे असंच करतात. मला दोनच गोष्टी सांगा : यातलं काय काढू, आणि हॅवलॉकला दोन हॉटेलं दिलीत, एक राधानगरच्या बाजूला आणि एक विजयनगरला, त्यातलं कुठलं घेऊ? प्लीज लवकर सांगा.

भटका_जीव | रात्री ८:२२

महिना कुठला? बजेट किती? शाकाहारी की सगळं चालतं? पोहता येतं का? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

मृण्मयी_प | रात्री ८:३१

बाराटांग अजिबात काढू नका! आम्ही केलं होतं. चुनखडीची गुहा, चिखलाचा ज्वालामुखी, खारफुटीतून जाणारी बोट, असं दुसरीकडे कुठे बघायला मिळणार? एक दिवस लवकर उठलं म्हणून काय झालं. एवढे पैसे घालून परत कधी जाणार आहात?

अगत्ती_प्रेमी | रात्री ८:४०

निवांतपणाच हवा असेल तर अंदमान हे ठिकाणच चुकलं. लक्षद्वीपला जा. कोचीहून अगत्तीला विमान, तिथून बोटीने बंगाराम. उथळ निळं पाणी, गर्दी नाही. आम्ही दोघं चार दिवस चपला न घालता राहिलो होतो.

गोदाकाठ | रात्री ८:४६

अहो, विमानाची तिकिटं झालीत असं वर लिहिलंय. नोव्हेंबर, दिवाळी झाली की लगेच. नाशिकहून मुंबई, तिथून चेन्नईमार्गे. मासे खातो. मला पोहता येतं, ह्यांना नाही. हॉटेलचं कुणीतरी सांगा ना.

अगत्ती_प्रेमी | रात्री ८:५२

तिकिटं बदलता येतात. लक्षद्वीपला परवाना लागतो, तेवढा आधी काढा.

भटका_जीव | रात्री ८:५५

त्यांना उद्या पैसे भरायचेत आणि तुम्ही परवाना काढायला सांगताय. ताई, तिकडे लक्ष देऊ नका. नोव्हेंबर म्हणजे पाऊस पूर्ण गेलेला नसतो हे मात्र धरून चाला. अंदमानला नैऋत्य मोसमी पाऊस आटोपला की ईशान्येकडचा सुरू होतो, आणि बंगालच्या उपसागरातली वादळंही याच दिवसांत येतात. डिसेंबर २०१६ मध्ये हॅवलॉक आणि नीलवर हजाराहून जास्त पर्यटक अडकले होते, नौदलाची जहाजं पाठवावी लागली. दर वर्षी एवढं होत नाही, पण हवा बिघडली की बोटी रद्द होतात. म्हणून शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरलाच ठेवा. ती आहे ना?

गोदाकाठ | रात्री ८:५८

हो, आहे.

शुद्धलेखनी | रात्री ९:०४

एक दुरुस्ती. सप्टेंबर २०२४ पासून पोर्ट ब्लेअरचं नाव श्री विजयपुरम आहे. हॅवलॉकचं स्वराज द्वीप आणि नीलचं शहीद द्वीप हे डिसेंबर २०१८ मध्येच झालं. बोलताना सगळे जुनी नावं घेतात, पण तिकिटावर नवी नावं दिसली तर चुकीचं तिकीट आलं म्हणून घाबरू नका.

निळाई | रात्री ९:१८

गोदाकाठ, ह्यांच्या नोकरीमुळे आम्ही तीन वर्षं पोर्ट ब्लेअरला राहिलोय, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

हॉटेल निवडताना ओहोटीचा विचार करा. विजयनगर, गोविंदनगर हे सगळे पूर्वेकडचे किनारे. भरतीला पाणी थेट समुद्रमोहाच्या झाडांखाली येतं, आडव्या वाढलेल्या फांदीवर बसून पाय पाण्यात सोडता येतात. हॉटेलांचे फोटो त्याच वेळचे असतात. सहा तासांनी जाल तर पाणी पार लांब गेलेलं, मध्ये मेलेल्या प्रवाळाचे धारदार दगड आणि लव्हाळ्यासारखं समुद्रगवत, नाव एका कुशीवर कललेली. तेव्हा पोहता येत नाही, अनवाणी चालूही नका. ते बघायलाही मला आवडायचं, छोटे खेकडे, डबक्यात अडकलेले मासे. पण पोहायची अपेक्षा ठेवून गेलेली माणसं हिरमुसतात.

राधानगर पश्चिमेला आहे. तळाशी नुसती वाळू, त्यामुळे भरती-ओहोटी काहीही असो, पाण्यात जाता येतं. सूर्यास्त समोर. लाटा मात्र असतात. 'टाइम' मासिकाने २००४ मध्ये त्याला आशियातला सर्वोत्तम किनारा म्हटलं होतं आणि २०२० मध्ये ब्लू फ्लॅग हे स्वच्छ किनाऱ्यांचं मानांकन मिळालं, त्यामुळे स्वच्छता चांगली आहे. तोटा एवढाच की त्या बाजूला खाण्याच्या जागा कमी, बाजार आणि धक्का दहा-बारा किलोमीटरवर.

तुम्हाला पोहायचं असेल आणि हॉटेलातच जेवायचं असेल तर राधानगर. झाडाखाली पुस्तक घेऊन बसायचं आणि संध्याकाळी पाय मोकळे करायला चार दुकानं हवी असतील तर विजयनगर. विमान किती वाजता उतरतंय?

देवबागकर | रात्री ९:३०

ओहोटीची वेळ काढायला आमच्याकडे सोपं गणित आहे. तिथीला पाऊणने गुणायचं, आली भरतीची वेळ. अष्टमीला सहा वाजता भरती, म्हणजे बाराला ओहोटी. पंचांग सोबत न्या.

निळाई | रात्री ९:३७

देवबागकर, ते कोकण किनाऱ्याचं गणित आहे आणि तिथे चोख बसतं. पण अंदमानच्या भरतीच्या वेळा वेगळ्या, तिथे ते लावू नका. हॉटेलवाल्यांना रोजची वेळ माहीत असते. दर दिवशी ती साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते एवढं लक्षात ठेवायचं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी सगळ्यात लांब जातं, हे मात्र दोन्हीकडे सारखंच.

देवबागकर | रात्री ९:४१

मान्य. तरी एकदा तारकर्लीला या.

बुडबुडे | रात्री ९:४९

कुणीच स्कूबाबद्दल बोललं नाही! हॅवलॉकला जाऊन पाण्याखाली न जाणं म्हणजे पंढरपूरला जाऊन विठोबा न बघणं. पोहता येत नसलं तरी चालतं. प्रशिक्षक पूर्ण वेळ धरून असतो, आणि नवख्यांना बारा मीटरच्या खाली नेत नाहीत. काकांनासुद्धा नक्की करायला लावा. फक्त त्यानंतर अठरा तास विमानात बसू नका.

वनवासी | रात्री १०:०२

मृण्मयी, बाराटांगचा रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. २००२ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने तो बंद करायला सांगितलं होतं. आजही गाड्यांचा ताफा करून सोडतात आणि अर्ध्या गाड्यांतली माणसं जारवा दिसतायत का म्हणून काचेला नाक लावून बसलेली असतात. फोटो काढायला, थांबायला बंदी आहे, तरी नजर तीच. मी एकदा गेलो आणि मला फार वाईट वाटलं. गुहा बघायला आणखी कितीतरी जागा आहेत.

मृण्मयी_प | रात्री १०:०९

आम्ही कुणाकडे टक लावून बघितलं नाही. त्याच रस्त्याने तिथले लोकही रोज ये-जा करतात, मालाच्या गाड्या जातात. पर्यटकांनाच दोष का?

वनवासी | रात्री १०:१५

कारण त्यांना पर्याय कमी आहेत, आपल्याला आहे. आपण गेलो नाही तर आपलं काहीच अडत नाही.

भटका_जीव | रात्री १०:१८

या विषयावर वेगळा धागा काढा, खरंच चर्चा व्हायला हवी. इथे ताईंचं उत्तर राहून जाईल.

गोदाकाठ | रात्री १०:२४

निळाई, मनापासून आभार. असं कुणी सांगितलंच नव्हतं. विमान सकाळी साडेदहाला उतरतं, परतीचं अकराला आहे. स्कूबाचा प्रश्नच नाही, मार्चमध्ये ह्यांची अँजिओप्लास्टी झालीय. म्हणून तर आराम म्हणतेय. आणि ह्यांना बोट लागते. एकदा अलिबागला जाताना भाऊच्या धक्क्यापासून मांडव्यापर्यंत डोकं खाली घालून बसले होते.

भटका_जीव | रात्री १०:२७

ताई, हे सगळ्यात आधी सांगायला हवं होतं! आता सगळा हिशोबच बदलला.

गोदाकाठ | रात्री १०:३१

आमच्या घरात गेले आठ महिने दुसरा विषय नाही, त्यामुळे वेगळं सांगायचं सुचलंच नाही. डॉक्टरांनी प्रवासाला हो म्हटलंय, चालणं रोज चाळीस मिनिटं आहे. फक्त दमणूक नको.

बुडबुडे | रात्री १०:३४

माझा सल्ला मागे घेतो. डाइव्हच्या आधी भरायच्या अर्जात हृदयाचा प्रश्न असतोच, आणि तो कुणीही लपवू नये. काकू, तुम्ही मात्र किनाऱ्याजवळ स्नॉर्केलिंग करा.

निळाई | रात्री १०:५०

मग मी अगदी स्पष्ट सांगते. बाराटांग काढा. जारवांचा मुद्दा मला पटतोच, पण तो बाजूला ठेवला तरी पहाटे तीनला उठून खडबडीत रस्ता, मोठी फेरीबोट, मग छोटी बोट, मग चालणं, हे यंदा नको.

नीलही काढा. नील सुंदर आहे, लक्ष्मणपूर, सीतापूर, भरतपूर, सगळे किनारे पाच-सात किलोमीटरच्या आत. पण त्यासाठी एक बोट वाढते, एकदा सामान बांधावं लागतं, खोली बदलते. ज्यांना बोट लागते त्यांना तीनऐवजी दोनदाच बोटीत बसवा.

हॅवलॉकला प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, पण मोठं रुग्णालय म्हणजे पोर्ट ब्लेअरचं गो. ब. पंत. म्हणून औषधं दुप्पट घ्या, निम्मी तुमच्या पर्समध्ये आणि निम्मी त्यांच्या खिशात, डिस्चार्जच्या कागदांचे फोटो मोबाइलवर. मोबाइलला रेंज मिळते. २०२० मध्ये चेन्नईहून समुद्राखालची केबल आल्यापासून बरंच सुधारलंय.

खलाशाची_लेक | रात्री ११:०२

बोट लागण्याबद्दल : खासगी बोटी वेगवान, दीड-दोन तासांत पोचवतात, पण आत बंद एसी आणि डोकं गरगरलं तर बाहेर यायची सोय नाही. सरकारी बोटीला जास्त वेळ लागतो, पण उघड्या डेकवर वारा खात क्षितिजाकडे बघत उभं राहता येतं. माझं मत सरकारी बोटीला.

भटका_जीव | रात्री ११:०८

सरकारी तिकीट नोव्हेंबरात मिळायची खात्री काय? आणि अडीच-तीन तास उन्हात उभं राहणं हृदयाच्या पेशंटला आराम आहे का? खासगीच घ्या. खालच्या मजल्यावर, मधल्या भागात बसा, तिथे हेलकावा कमी. सकाळची पहिली बोट घ्या. अगदी उपाशी बसू नका आणि भरपेटही नको. बोट लागण्याची गोळी दुकानातून परस्पर घेऊ नका, त्यांच्या चालू औषधांसोबत चालेल का ते कार्डिओलॉजिस्टला फोन करून विचारा.

खलाशाची_लेक | रात्री ११:१२

गोळीचा मुद्दा बरोबर. आल्याची वडी ठेवा खिशात, आमचे बाबा तेच करायचे.

पूर्वा_जोगळेकरवाडी | रात्री ११:२०

सेल्युलर जेल शेवटच्या दिवशी ठेवाल का? आम्ही पहिल्याच दिवशी गेलो आणि पुढचे दोन दिवस मन तिथेच राहिलं. तात्याराव सावरकर १९११ ते १९२१ तिथे होते. त्यांच्या कोठडीत उभं राहिल्यावर माझ्या सासऱ्यांना बोलवेना. ६९८ कोठड्या, सात पैकी तीनच इमारती उरल्यात. तिसऱ्या मजल्यापर्यंत जिने आहेत, सावकाश चढा.

गोदाकाठ | मंगळवार, सकाळी ७:१५

रात्री ह्यांना सगळा धागा वाचून दाखवला. ते म्हणाले, "मला वाटलं तुला सगळं बघायचंय, म्हणून गप्प बसलो." मला वाटत होतं त्यांना फिरायचं असेल, म्हणून मी जरा दबकूनच सांगत होते एजंटला.

आता असं ठरवतेय : पहिली रात्र पोर्ट ब्लेअरला, नुसती झोप. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बोटीने हॅवलॉक, तीन रात्री एकाच खोलीत. पाचव्या दिवशी परत, संध्याकाळी जेल. हॉटेल विजयनगरचं. ह्यांना पोहायचं नाहीच, झाडाखाली बसायचंय. राधानगरला एका संध्याकाळी रिक्षाने जाऊ. बरोबर आहे ना?

निळाई | सकाळी ७:४०

अगदी बरोबर. परतीलाही सकाळची बोट सांगा, दुपारची रद्द झाली तर हातात काही उरत नाही. खोली तळमजल्याची मागा. डासांसाठी आणि वाळूतल्या बारीक माश्यांसाठी मलम घ्या, त्या चावल्या की आठवडाभर खाजतं. आणि किनाऱ्यावरचा शंख किंवा प्रवाळाचा तुकडा बॅगेत टाकू नका, विमानतळावर काढून घेतात.

अगत्ती_प्रेमी | सकाळी ८:०५

पुढच्या वर्षी लक्षद्वीपचं बघा. परवान्याची माहिती लागली तर माझ्या विचारपुशीत निरोप टाका.

गोदाकाठ | दुपारी १२:३०

एजंटशी बोलले. आधी कुरकुरला, मग नीलचं हॉटेल आणि बाराटांगची गाडी काढून नवीन प्लॅन पाठवला. पैसे भरले. कार्डिओलॉजिस्टची वेळ गुरुवारची मिळालीय, गोळीचं विचारेन. एकच राहिलं : हे विचारतायत, संध्याकाळी किनाऱ्यावर किती वाजेपर्यंत वाचता येईल?

निळाई | दुपारी १२:५२

नोव्हेंबरात तिथे पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. आपलंच घड्याळ, पण बेटं फार पूर्वेला. साडेपाचला काळोख. सकाळी मात्र सव्वापाच-साडेपाचला पूर्वेकडे उजाडतं आणि विजयनगरला सूर्य समोरूनच वर येतो. वाचन सकाळी करा म्हणावं. आणि झाडांखालून खोलीकडे येताना पायाखाली मुळं असतात, एक छोटी बॅटरी घ्या.