सिम्पसन आणि त्याचं गाढव: तो नक्की कुठला म्हणायचा?

सायली_मेलबर्न
नमस्कार मंडळी. लेक चौथीत आहे, ॲन्झॅक डेला (इथला सैनिकांचा स्मृतिदिन) वर्गात पहिल्या महायुद्धातल्या सिम्पसनवर पाच मिनिटं बोलायचंय. इथल्या श्राइन ऑफ रिमेंबरन्स या युद्धस्मारकापाशी गाढवावर जखमी सैनिक घेऊन चाललेल्या माणसाचा पुतळा आहे ना, तोच. पण ती मला विचारते, आई तो इंग्लंडमध्ये जन्मला मग ऑस्ट्रेलियाचा हिरो कसा? आम्ही स्वतः नाशिकहून येऊन सहा वर्षं झालीत त्यामुळे काय उत्तर द्यावं सुचेना. आणि ३०० जणांना वाचवलं म्हणतात ते खरंय का?

खलाशी_७२
सायलीताई, त्याचं पूर्ण नाव जॉन सिम्पसन कर्कपॅट्रिक, जन्म १८९२, साउथ शील्ड्स, इंग्लंडचं बंदर. लहानपणी सुट्टीत तिथल्या समुद्रकिनाऱ्यावर पोरांना गाढवावरून फिरवायचं काम करायचा, म्हणजे गाढवांची सवय तिथलीच. वडील गेले आणि हा जहाजावर लागला, १९१० मध्ये न्यू साउथ वेल्सच्या न्यूकॅसल बंदरात जहाज सोडून पळाला, मग ऊसतोड, कोळशाची खाण, जहाजाच्या भट्टीत कोळसा टाकणं, मिळेल ते केलं आणि घरी आईला पैसे पाठवत राहिला. मी स्वतः मर्चंट नेव्हीत होतो, घरी पैसे पाठवायची ती धडपड मला पुरती ठाऊक आहे. १९१४ च्या ऑगस्टमध्ये पर्थला भरती झाला, कर्कपॅट्रिक आडनाव गाळून नुसता सिम्पसन, बहुधा जहाज सोडल्याचं उघड होऊ नये म्हणून. वाटलं होतं पलटण इंग्लंडला जाईल, आईला भेटता येईल. उतरवलं इजिप्तला आणि तिथून तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीच्या लढाईला. लेकीला हेच सांगा, घरी जायच्या आशेने निघालेला पोरगा होता तो.

रानवाट
दादा छान लिहिलंत, एक भर घालते. तो थर्ड फील्ड ॲम्ब्युलन्सचा, म्हणजे जखमींना उचलून आणणाऱ्या वैद्यकीय तुकडीचा, २५ एप्रिल १९१५ ला गॅलिपोलीला उतरला. एक गाढव सापडलं, त्याच्या कपाळाला रेड क्रॉसची पट्टी बांधली आणि वर जाताना पाणी, खाली येताना पायाला गोळी लागलेला माणूस, श्रॅपनेल गली ही दरी ते किनारा अशा फेऱ्या दिवसभर, वरून गोळ्या चालूच. राहायचा कुठे माहितेय? आपल्या कोहाट माउंटन बॅटरीच्या, म्हणजे हिंदी फौजेतल्या डोंगरी तोफखान्याच्या, खेचरवाल्यांच्या तळावर! ते शीख आणि पंजाबी मुसलमान जवान त्याला ‘बहादूर’ म्हणायचे. हा शब्द तर लेकीलाही कळेल, भाषणात नक्की घाला.

जुनीपानं
३०० चा आकडा घेऊ नका प्लीज. तो उतरल्यापासून मरेपर्यंत जेमतेम २४ दिवस, एका फेरीत एक माणूस, आणि नोंदींमधून असा आकडा निघत नाही. आणखी एक, सिम्पसन आणि गाढवाचं म्हणून दाखवतात ते प्रसिद्ध चित्र ज्या फोटोवरून काढलं त्यात सिम्पसन नाहीच, न्यूझीलंडचा डिक हेंडरसन आहे, तोही गाढवावरूनच जखमी आणायचा. सिम्पसनला व्हिक्टोरिया क्रॉस हे सर्वोच्च शौर्यपदक द्या म्हणून वर्षानुवर्षं मागणी होती, २०१३ च्या चौकशीत ती फेटाळली. पण म्हणून त्याचं काम कमी होत नाही हो, तिथला ऑस्ट्रेलियन सेनाधिकारी मोनाशने स्वतः त्याच्या मरणानंतर लगेच वरिष्ठांना लिहून कळवलं होतं.
१९ मे ची सकाळ. तुर्कांचा मोठा हल्ला त्याच पहाटे झालेला. सांगतात की नाश्ता तयार नव्हता, तर तो म्हणाला राहू दे, परत आल्यावर जेवायला चांगलं ठेवा. दरीत वरती मशीनगनची गोळी लागली. वय २२. तिथेच किनाऱ्यावर हेल स्पिटला पुरलंय. आईची भेट राहिलीच.

सायली_मेलबर्न
तुम्हा तिघांचे खूप आभार. लेकीला वाचून दाखवलं, ती म्हणाली आईला पाठवलेले पैसे आणि बहादूर हे दोन्ही सांगणार, ३०० नाही सांगणार. शनिवारी पुतळ्यापाशी घेऊन जातेय, गाढवाच्या कपाळावर पट्टी आहे का ते तिला बघायचंय.