मदत हवी आहे: मॉनिटर सरड्याला घरातल्या पाली खायला द्याव्यात का?

नमस्कार मंडळी, कोल्हापुरातून लिहितोय. माझ्याकडे अ‍ॅकी मॉनिटर (घोरपडीच्या कुळातला छोटा ऑस्ट्रेलियन सरडा) आहे, केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर रीतसर नोंदवलेला. (आपली घोरपड नव्हे! ती वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये, पाळणं सरळ गुन्हा.) सध्या झुरळं, नाकतोडे देतो. ऑस्ट्रेलियात हे प्राणी रानात किड्यांसोबत छोटे सरडेही खातात, म्हणून मित्र म्हणतो, भिंतीवरच्या पाली टाक की! मला काही पटत नाही. पालींच्या पोटात जंत असू शकतात, त्यात आमच्या राजारामपुरीत घरोघरी झुरळांचं औषध मारलेलं. पाल गोठवून दिली तर जंतांचा धोका जातो का? की किड्यांवर कॅल्शियम पावडर भुरभुरून भागतं? आणि कोल्हापूर-सांगलीकडे सरपटणारे प्राणी तपासणारे पशुवैद्य कुणाला माहीत आहेत का? विष्ठा तपासून घ्यायची आहे.