क्वाडस्पोर्टला बर्फासाठी कोणते टायर? जानेवारीत सिस्सूला न्यायचीय

पौडफाटा

नमस्कार मंडळी. माझ्याकडे सेकंडहँड सुझुकी क्वाडस्पोर्ट झेड४०० (चार चाकांची एटीव्ही) आहे, २०१२ च्या सुमारास आपल्याकडे विकायला आली होती त्यातली. पौडच्या पुढे मामाच्या शेतावर असते. चिखल, मुरूम, भातखाचरं सगळं झालंय. बर्फ मात्र मी आजवर फक्त उसाच्या रसात पाहिलाय.

मित्राने अटल बोगद्याच्या पलीकडे, सिस्सूजवळ होमस्टे चालवायला घेतलाय. जानेवारीत पिकअपमध्ये टाकून गाडी न्यायची आणि पंधरा दिवस त्याच्या मागच्या शेतात नि नदीकडे फिरवायची. रस्त्यावर नाही. पासिंग नसतं हे माहीत आहे, त्यावर प्रवचन नको.

सध्या पुढे २२×७-१०, मागे २०×१०-९, बारीक बटणांचे (टायरवरचे उंचवटे) मोटोक्रॉसवाले. मागचे अर्धे झिजलेत. नाना पेठेत एकजण म्हणाला, "साहेब, मागे पॅडल टाका, वाळूत चालतं ते बर्फात चालतं." जोडीचा भाव ऐकून चहा न घेताच निघालो. तर मागे पॅडल (आडव्या उंच पट्ट्यांचे वाळूचे टायर), चिखलाचे, की आहेत त्यांनाच स्नो चेन? पुढचे तसेच ठेवले तर चालतील ना?

चिंचवडवाला

जाऊन-येऊन चार हजार किलोमीटर पिकअपचं डिझेल. तिथेच तासाच्या भाड्याने एटीव्ही मिळतात. हिशोब करा.

पौडफाटा

हिशोब केला असता तर क्वाड घेतली असती का?

बाणेर_परत

बारा वर्षं कॅलगरीला होतो, त्यातले आठ हिवाळे झेड४००वरच. तुम्ही शेवटी जाता जाता विचारलंय तोच खरा प्रश्न आहे. पुढचे तसेच ठेवले तर चालणार नाहीत.

या गाडीचा मागचा अ‍ॅक्सल एकसंध, डिफरन्शियल नाही. मागची दोन्ही चाकं कायम एकाच वेगाने फिरतात, म्हणजे गाडीला मुळातच सरळ जायचं असतं. पौडच्या मुरुमावर मागचं चाक सहज घसरतं, आपण थ्रॉटलने शेपूट फिरवतो, म्हणून ते कळत नाही. बर्फात मागे दणकट पकड दिली आणि पुढे झिजकी बटणं ठेवली की हँडल वळतं, गाडी वळत नाही. पहिल्या हिवाळ्यात मी हेच केलं. मागे कोरे चिखलाचे, पुढे जुने. कॅलगरीला शिनूक म्हणून उबदार वारं सुटतं, बर्फ दिवसा वितळतो आणि रात्री गोठून काच होते. अशा एका सकाळी हँडल पूर्ण डावीकडे आणि मी नाकासमोर, शेजाऱ्याच्या काटेरी तारेत. जॅकेट गेलं. शेजारी बाहेर येऊन आधी तार बघत होता.

पॅडल विसरा. ते मोकळं, भुसभुशीत काही तरी मागे फेकून पुढे ढकलतं. नव्या पिठासारख्या बर्फात ते जातंही. पण दाबलेल्या बर्फावर त्याला धरायला काही नसतं, आणि ब्रेक लावला की पाट्यावरून घसरल्यासारखं. होमस्टेच्या मागचा बर्फ चार दिवसांत माणसांनी नि गाड्यांनी दाबलेलाच असणार.

मोटोक्रॉसची बारीक बटणंही नकोत. जवळजवळ असतात, मधल्या फटीत बर्फ भरून बसतो आणि टायरचं लाटणं होतं. फटी रुंद, बटणं उंच, अंगाने लवचीक असं काही बघा. रबराला नखाने दाबून बघा, पुण्यातच दगडासारखं लागलं तर तिथे ते प्लास्टिक होईल. पुढे सातच इंच रुंदी राहू द्या. अरुंद टायर बर्फ कापत खाली जातो, स्टिअरिंगला तेच हवं. आपल्या वाळूजला कारखाना असलेली बीकेटी एटीव्हीचे टायर बनवते. मापात मिळाले तर आधी तिथे विचारा.

आता स्टड की चेन. कडक बर्फावर कुठलंही नुसतं रबर फसवतंच. मी पुढे कार्बाइडचे स्क्रू-स्टड लावायचो, बटणाच्या उंचीपेक्षा आखूड. लांब घेतले तर टोक आत शिरतं आणि ट्यूबलेस टायर रात्रभरात बसतो. मागे चेन, पण स्विंगआर्म (मागची चाकं धरणारा दांडा) आणि टायर यांच्यात जागा असेल तरच. चेन चढवून चाक हाताने पूर्ण फिरवा, मग दहा-पंधरा मिनिटं हळू चालवा, थांबा, परत ताणा. ती ढिली होतेच. मनालीच्या रस्त्यावर कारच्या चेन भाड्याने देतात, त्या या मापाला बसणार नाहीत.

आणि एक गोष्ट कुठलाच टायर सोडवत नाही. मागचं चाक २० इंची, म्हणजे अ‍ॅक्सल जमिनीपासून दहा इंच. त्यातून टायर दबणार, शिवाय अ‍ॅक्सलवर स्प्रॉकेट (साखळीचं दातेरी चाक) आणि ब्रेकची डिस्क लोंबतायत. हातात उरतात पाचेक इंच. बर्फ त्याहून फार खोल असला की गाडी पोटावर बसते आणि चाकं हवेत फिरतात. अशा वेळी थ्रॉटल देऊ नका, खड्डा खोल होतो. फावडं न्या. रात्री फूटभर पडला असेल तर त्या सकाळी चहा प्या.

नदीकाठ ठीक. गोठलेल्या नदीवर मात्र जाऊ नका. चंद्रा नदी बर्फाखालून वाहत असते.

निवृत्त_मास्तर

टायरमधलं मला कळत नाही, हवेतलं कळतं. या गाड्यांत चार-पाच पीएसआयच हवा असते ना? मग आकडे मजेशीर होतात. पुण्यात ३० अंशांना ५ पीएसआय भरली. सिस्सूला समजा उणे १०. नुसत्या थंडीने दाब अडीचवर आला असता. पण पुणे ५६० मीटरवर आणि सिस्सू साधारण ३,१०० मीटरवर, बाहेरची हवाच तिथे विरळ. त्यामुळे गेज उलट सहाच्या थोडं वर दाखवेल. म्हणजे "थंडीत हवा कमी होते" म्हणून तिथे पोचून आणखी भरलीत तर फसाल.

बाणेर_परत

सर, हे मला आठ हिवाळ्यांत सुचलं नाही. कॅलगरीला घरीच भरायचो, घरीच चालवायचो. पौडफाटा, ० ते १० पीएसआयचं छोटं गेज घ्या. पंपावरच्या गेजला पाच म्हणजे शून्यच वाटतं. तिथे गेल्यावर सकाळी, गाडी बाहेर उभी असताना मोजा आणि चारच्या आसपास आणा. त्याहून फार खाली नको, वळणावर टायर रिमवरून सुटतो. हवा भरायचा पंप आणि पंक्चरच्या वाती बरोबर ठेवा.

चिंचवडवाला

मागे २२ इंची टाकले तर? इंचभर उंची मिळेल.

बाणेर_परत

मिळेल, पण गिअरिंग दहा टक्के लांबतं, म्हणजे ओढ कमी होते. पुढचं, इंजिनाकडचं स्प्रॉकेट एका दाताने कमी करावं लागेल, आणि टायर कुठे घासतो का तेही बघायला हवं. पंधरा दिवसांसाठी मी नसतं केलं.

पौडफाटा

सगळ्यांचे आभार, मास्तरांचे विशेष. रविवारी शेतावर जाऊन मागचं चाक उचलून मोजलं. डावीकडे स्विंगआर्म आणि टायर यांच्यात माझं एक बोट कसंबसं जातं. म्हणजे चेन गेली. चारही टायर बदलतोय, चारहींना स्टड. मामा विचारतोय, ते खिळे लावलेले टायर भाताच्या चिखलणीला चालतील का.