डीएनएच्या नव्या प्रतीत चुकीची जोडी सापडली, पण जुना धागा कोणता हे पेशीला कळतं कसं?

प्रश्न: ई. कोलाय या जिवाणूत डीएनएची प्रत काढणाऱ्या पॉलिमरेज एन्झाइमनं टी या बेससमोर (डीएनएच्या अक्षरासमोर) ए ऐवजी जी बसवला आणि प्रूफरीडिंगमधूनही, म्हणजे पॉलिमरेजच्या स्वतःच्या तपासणीतूनही, तो निसटला. आता टी बरोबर की जी? अंदाजपंचे दुरुस्ती केली तर निम्म्या वेळा चूकच पक्की होईल ना?

उत्तर १: होईल, म्हणूनच जुन्या धाग्यावर खूण असते. जीएटीसी हा अक्षरक्रम दिसला की त्यातल्या ए वर डॅम एन्झाइम मिथाइल गट लावतं. नव्या धाग्यावर तो लागायला जरा उशीर होतो; दुरुस्तीला मुदत तेवढीच. म्युट-एस हे प्रथिन चुकीच्या जोडीला चिकटतं, म्युट-एल येतं आणि म्युट-एच मिथाइल नसलेला धागा जीएटीसीपाशी कापतं. तिथून चुकीच्या पलीकडेपर्यंत धागा उसवतात, कधी कधी हजारभर बेस! मग पोल-३ हे पॉलिमरेज तो पुन्हा विणतं, लायगेज एन्झाइम सांधतं. एका अक्षरासाठी एवढी उधळपट्टी.

उत्तर २: डॅम निकामी झालं तर म्युटेशन वाढतात, आणि अति झालं तरी वाढतात, कारण मग नव्या धाग्यावर खूण फार लवकर उमटते.
ढोबळ हिशोब: नुसत्या बेस-निवडीत लाखात एक चूक, प्रूफरीडिंगनं ती सुमारे १०० पट घटते, या दुरुस्तीनं आणखी १०० पट किंवा जास्त. जीनोम ४६ लाख जोड्यांचा, म्हणजे बहुतेक प्रती बिनचूक.

उत्तर ३: माणसात हे लागू करू नका, तिथे म्युट-एच नाहीच. नव्या धाग्यातले न सांधलेले काप आणि डीएनएभोवतीच्या पीसीएनए या प्रथिनाच्या कड्याची दिशा यांवरून तो ओळखला जातो. याच दुरुस्तीच्या एमएलएच१ किंवा एमएसएच२ जनुकात जन्मजात बिघाड असेल तर लिंच सिंड्रोम हा आनुवंशिक विकार. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका बराच वाढतो.