चावी फिरवली की नुसतं 'टक्'

हर्णै: ४० एचपीचं आउटबोर्ड (होडीच्या मागे लावायचं इंजिन). चावी फिरवली की नुसतं 'टक्', स्टार्टर ढिम्म. बॅटरी नवी, १२.६ व्होल्ट. दोरी ओढली की मात्र लगेच सुरू. पावसाळाभर होडी शाकारलेली होती. नारळी पौर्णिमा तोंडावर आलीय, काय बघू?

मालवण: म्हणजे ठिणगी, पेट्रोल ठीक. त्या १२.६ वर जाऊ नका, तो लोड नसतानाचा आकडा. दुसऱ्याला चावी फिरवून धरायला सांगा नि बॅटरीचं निगेटिव्ह ते इंजिनची बॉडी व्होल्ट मोजा. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर मधली वायर व्होल्ट खातेय. माझं थिंबल (वायरच्या टोकाचं धातूचं टोपण) वरून चकचकीत होतं, रबर सोललं तर आत हिरवी भुकटी!

रत्नागिरी: तिथे ठीक असेल तर सोलेनॉइडचे (स्टार्टरला करंट जोडणारा स्विच) दोन मोठे बोल्ट तपासा.

हर्णै: ४ व्होल्ट निघाले हो! वायर वाकवली तर आतल्या तारा कुरकुरल्या. नवी टाकली, सुरू झालं. मी उगाच बॅटरी बदलून बसलो.