बोडकी टेकडी की माळ?

‘पुण्यातल्या वेताळ टेकडीचे बोडके भाग बघवत नाहीत, तिथे भरपूर झाडं लावा’ असं एकांनी लिहिलंय. कळकळ पोचली, पण त्या भागाला बोडका म्हणण्यावरच माझा आक्षेप आहे. तो माळ आहे. कुसळी गवत, मधेच हिवर किंवा खैरासारखं एखादं काटेरी झाड, आणि पाऊस ओसरला की गवतात तोंड खुपसून बसलेले चंडोल. ही तिथली मूळची घडी.

नेर्लेकर आणि पाटील या अभ्यासकांचा २०२५ मधला शोधनिबंध याच मुद्द्यावर आहे. त्यांनी तेराव्या शतकापासूनच्या मराठी ओव्या-कथांमधले झाडांचे उल्लेख तपासले. त्यात माळरानाच्या काटेरी झाडांची चांगलीच हजेरी निघाली. म्हणजे जंगल तोडून हा माळ झाला, ही समजूत टिकत नाही. (ओव्यांवरून इकॉलॉजी! आपल्याला का नाही सुचलं?)

आता झाडं लावली की काय होतं, तेही टेकडीवरच दिसतं. गिरिपुष्प, म्हणजे आपली उंदीरमारी, मूळची मध्य अमेरिकेतली. झपाट्याने वाढते म्हणून लावली. फेब्रुवारीत गुलाबी फुलते तेव्हा फोटो झकास येतात, कबूल. पण परवा त्या राईत खाली वाकून बघितलं तर नुसता पाचोळा, गवताची काडी नाही. दहा पावलांवर उघड्यावर मात्र गवत गुडघाभर.

लावायचीच असतील तर रस्त्याकडेला लावा, वड, कडुनिंब, काहीही. तिथे सावलीची खरंच बोंब आहे.